सिनसिनाटीची सहावी फेरी : १८७२ ची अमेरिकन अध्यक्षीय निवडणूक आणि पर्यायी इतिहासाचा प्रश्न

जर-तरची भाषा करणाऱ्याचे तोंड बंद करण्यासाठी मराठीत ‘आत्याबाईला मिशा असत्या तर’ ही म्हण हाताशी आहे. इतिहासलेखनाच्या क्षेत्रातही या म्हणीचे काम करणारी विधाने कमी नाहीत. ई. एच. कार यांनी १९६१ मधील आपल्या सुप्रसिद्ध व्याख्यानांत ‘असे झाले असते तर’ या प्रश्नाची गणना दिवाणखान्यातील करमणुकीत केली होती. असे असले तरी या प्रश्नापासून इतिहासकाराची पूर्ण सुटका होत नाही, हे माक्स वेबर यांनी १९०६ मध्येच दाखवून दिले होते. एक घटना दुसरीचे कारण होती असे म्हणताना, पहिली घडली नसती तर दुसरी घडली नसती किंवा निराळी घडली असती, हे विधान मुकाट्याने गृहीत धरलेले असते. ‘पानिपतामुळे मराठी सत्ता खिळखिळी झाली’ असे लिहिणारा लेखक पानिपत न झालेल्या हिंदुस्थानाचे एक चित्र मनात बाळगूनच तसे लिहितो; ते चित्र तो वाचकाला दाखवीत नाही, एवढेच.

हे झाकलेले चित्र उघडपणे रंगवण्याची साहित्यपरंपरा बरीच जुनी आहे. मॉस्कोच्या मोहिमेत न हरलेल्या नेपोलियनचा इतिहास लुई जोफ्रॉय यांनी १८३६ मध्ये लिहिला. ख्रिस्ती धर्म पश्चिमेत रुजलाच नाही अशी कल्पना करून शार्ल रनूव्हिए यांनी सिद्ध केलेला ग्रंथ १८७६ मध्ये पुस्तकरूपाने आला आणि त्याच्या शीर्षकातील ‘उक्रोनी’ या शब्दाने या प्रकाराला नाव मिळाले. १९३१ मध्ये जे. सी. स्क्वायर यांनी संपादित केलेल्या संग्रहात विन्स्टन चर्चिल यांनी गेटिसबर्गची लढाई दक्षिणेने जिंकली असे मानून लेख लिहिला. १९५३ मध्ये वॉर्ड मूर यांनी त्याच लढाईवर कादंबरी उभी केली. मराठी वाचकाला जयंत नारळीकर यांची पानिपतावरील विज्ञानकथा परिचित आहे; विश्वासराव गोळीतून बचावतात आणि तेथून हिंदुस्थानचा इतिहास दुसऱ्या वाटेने जातो.

या यादीत रणांगणाचे प्राबल्य आहे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. लढाईचा निकाल एका दुपारी लागतो, एका गोळीने पालटतो, आणि कथनाला हवा असलेला सांधा आयता मिळतो. निवडणुकीचे तसे नाही. लाखो मतांतून लागणाऱ्या निकालाला एक खिळा उपटून उलटे करता येत नाही, आणि म्हणून मतपेटी हे पर्यायी इतिहासाचे नावडते स्थळ राहिले असावे. ज्या थोड्या निवडणुकांत असा सांधा स्पष्ट दिसतो त्यांत अमेरिकेची १८७२ ची अध्यक्षीय निवडणूक येते. यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचना-पर्वाच्या ऐन मध्यावर झालेल्या या निवडणुकीत सत्ताधारी रिपब्लिकन पक्षातून फुटलेल्या तिसऱ्या पक्षाने अध्यक्ष युलिसिस ग्रँट यांना आव्हान दिले. ते आव्हान यशस्वी झाले असते तर काय घडले असते, या प्रश्नाचा विचार करताना पर्यायी इतिहास कोणाच्या जागेवरून लिहिला जातो, हा दुसरा आणि अधिक अवघड प्रश्न अटळपणे समोर येतो.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी : १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने दास्य संपले, १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने मुक्त झालेल्यांना नागरिकत्व दिले आणि १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीने वर्णाच्या कारणावरून मताधिकार नाकारण्यास मनाई केली. दक्षिणेत या दुरुस्त्यांची अंमलबजावणी कू क्लक्स क्लॅनच्या हिंसेने रोखून धरली होती. १८७० आणि १८७१ मध्ये काँग्रेसने अंमलबजावणीचे कायदे केले. ऑक्टोबर १८७१ मध्ये ग्रँट यांनी दक्षिण कॅरोलायनातील नऊ परगण्यांत बंदिप्रत्यक्षीकरणाचा हक्क स्थगित करून क्लॅनची धरपकड केली. संघराज्याची सत्ता कृष्णवर्णीय नागरिकाच्या बाजूने शस्त्रासह उभी राहिल्याचा असा प्रसंग त्यानंतर सुमारे एक शतक क्वचितच आला.

याच सुमारास रिपब्लिकन पक्षातील सुशिक्षित सुधारकांचा एक गट ग्रँट यांच्या कारभाराला विटला होता. ग्रँट यांच्या भोवती जमलेले नातलग आणि हुजरे, नोकऱ्यांची खिरापत, सँतो डोमिंगो खालसा करण्याचा फसलेला घाट, चढ्या संरक्षक जकाती ही त्यांची गाऱ्हाणी होती आणि त्यांतील बहुतेक खरी होती. मिसूरी राज्यात १८७० मध्ये सेनेटर कार्ल शुर्झ आणि बी. ग्रॅट्झ ब्राउन यांनी डेमोक्रॅटांच्या साहाय्याने पक्षांतर्गत बंड यशस्वी केले व ब्राउन राज्यपाल झाले. याच प्रयोगाची राष्ट्रीय आवृत्ती म्हणजे लिबरल रिपब्लिकन पक्ष. मुलकी सेवेत सुधारणा, दक्षिणेतील बंडखोरांना सार्वत्रिक क्षमा आणि स्थानिक स्वराज्य या त्याच्या मुख्य मागण्या. ‘स्थानिक स्वराज्य’ हा शब्द हिंदुस्थानी कानाला गोड लागतो. दक्षिण कॅरोलायनाच्या संदर्भात त्याचा व्यवहारी अर्थ संघीय सैन्य माघारी बोलावणे आणि मळेवाल्यांचे राज्य परत आणणे असा होता.

१ मे १८७२ रोजी ओहायो राज्यातील सिनसिनाटी येथे या पक्षाचे अधिवेशन भरले. येथेच तो सांधा आहे. सर्वांत वजनदार नाव होते चार्ल्स फ्रान्सिस अॅडम्स यांचे. आजोबा आणि वडील दोघेही अमेरिकेचे अध्यक्ष. स्वतः युद्धकाळात लंडनला वकील म्हणून राहून ब्रिटनला दक्षिणेची मान्यता देण्यापासून परावृत्त करणारे मुत्सद्दी. १८४८ मध्ये फ्री सॉइल या तिसऱ्या पक्षातर्फे त्यांनी उपाध्यक्षपदाची निवडणूकही लढवली होती. पण स्वभाव बर्फासारखा. उमेदवारीसाठी कोणताही सौदा करणार नाही, असे पत्र लिहून ते ‘अलाबामा’ प्रकरणाच्या लवादासाठी युरोपला निघून गेले होते. दुसरे इच्छुक सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती डेव्हिड डेव्हिस. त्यांना राजकीय धूर्त समजून चार वृत्तपत्रांच्या संपादकांनी (सॅम्युएल बोल्स, मुरात हॉलस्टेड, होरेस व्हाइट आणि हेन्री वॉटरसन) आपापल्या पत्रांतून एकाच वेळी हल्ला चढवून त्यांची उमेदवारी खच्ची केली. राजकारण शुद्ध करू पाहणाऱ्या संपादकांनी अधिवेशनाच्या माजघरात बसून केलेला हा उद्योग पुढे त्यांच्याच अंगाशी आला.

पहिल्या फेरीत अॅडम्स २०३ मतांनी आघाडीवर होते. ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’चे संपादक होरेस ग्रीली यांना १४७ मते होती. मिसूरीहून घाईने आलेल्या ब्राउन यांनी आपली मते ग्रीलींकडे वळवली. पाचव्या फेरीत अॅडम्स ३०९, ग्रीली २५८. सहाव्या फेरीत ग्रीली ३३२ आणि अॅडम्स ३२४ अशी मोजणी झाली आणि निकाल जाहीर होण्यापूर्वीच शिष्टमंडळे एकामागून एक पालटू लागली. थोड्याच वेळात ग्रीली उमेदवार झाले आणि ब्राउन उपाध्यक्षपदाचे उमेदवार. आठ मतांचे अंतर, आणि मग झुंडीचा लोंढा. पर्यायी इतिहासकाराला यापेक्षा सोयीचा खिळा क्वचितच सापडेल.

ग्रीली ही निवड किती विपरीत होती, हे त्यांच्या चरित्रावर ओझरती नजर टाकली तरी कळते. १८११ मध्ये न्यू हॅम्पशायरमधील गरीब कुटुंबात जन्म, छापखान्यातील उमेदवारी, १८४१ मध्ये ‘ट्रिब्यून’ची स्थापना. दास्यविरोध, मद्यनिषेध, शाकाहार, फूरिएचा समाजवाद, अध्यात्मवाद्यांची प्लँचेटे – त्या काळातील जवळपास प्रत्येक सुधारणेच्या आणि प्रत्येक खुळाच्या दारात ते एकदा तरी उभे राहिले होते. हिंदुस्थानातील ब्रिटिश सत्तेविषयी कार्ल मार्क्स यांनी १८५३ मध्ये लिहिलेले आणि भारतीय अभ्यासकांत आजवर वादविषय राहिलेले लेख ग्रीलींच्याच पत्रात प्रसिद्ध झाले, हा योगायोग येथे नोंदवण्यासारखा आहे. मात्र लिबरल रिपब्लिकन पक्षाचे बहुतेक पुढारी खुल्या व्यापाराचे कैवारी, तर ग्रीली आयुष्यभर संरक्षक जकातीचे समर्थक. ज्या डेमोक्रॅटांची मते हवी होती त्यांना ‘ट्रिब्यून’ने तीस वर्षे शिव्या मोजल्या होत्या. तरीही दुसरा उपाय न उरल्याने डेमोक्रॅटिक पक्षाने जुलैमध्ये बाल्टिमोर येथे ग्रीली यांनाच आपला उमेदवार मानले. दक्षिणेला त्यांच्याविषयी एकच आस्था होती : १८६७ मध्ये दक्षिणेचे पदच्युत अध्यक्ष जेफरसन डेव्हिस यांच्या जामीनपत्रावर सही करणाऱ्यांत ते होते.

निकाल व्हायचा तोच झाला. ग्रँट यांना सुमारे ५५.६ टक्के मते मिळाली, ग्रीली यांना ४३.८. ३७ राज्यांपैकी जॉर्जिया, केंटकी, मेरिलंड, मिसूरी, टेनेसी आणि टेक्सस ही सहाच ग्रीलींच्या पदरात पडली. ‘हार्पर्स वीकली’तून टॉमस नास्ट यांच्या व्यंगचित्रांनी त्यांचे हसे केले होते. मतदानापूर्वी सहा दिवस त्यांची पत्नी वारली, आणि २९ नोव्हेंबर १८७२ रोजी, निर्वाचकांनी मते देण्यास पाच दिवस उरले असताना, ते स्वतः मरण पावले. त्यांचे निर्वाचक निर्नायकी झाले. ४२ मते टॉमस हेंड्रिक्स यांना, १८ ब्राउन यांना, दोन चार्ल्स जेनकिन्स यांना, एक डेव्हिड डेव्हिस यांना अशी ती विखुरली. जॉर्जियाच्या तीन निर्वाचकांनी मृत ग्रीलींनाच मते दिली. काँग्रेसने ती मोजण्यास नकार दिला.

या घटनाक्रमातून निघणाऱ्या पर्यायी वाटांपैकी अमेरिकन उदारमतवाद्यांनी मनोमन जपलेली वाट अॅडम्स यांची. ती अगदीच असंभाव्य म्हणता येणार नाही. इंडियाना राज्यात ऑक्टोबरमध्ये डेमोक्रॅट हेंड्रिक्स अल्प मतांनी राज्यपाल झाले आणि नोव्हेंबरमध्ये त्याच राज्याने ग्रँट यांना कौल दिला. म्हणजे विरोधी मते होती, ती ग्रीलींकडे गेली नाहीत. अनेक डेमोक्रॅट घरीच बसले : मतदानाचे प्रमाण १८६८ मध्ये सुमारे ७८ टक्के होते, ते १८७२ मध्ये ७१ टक्क्यांवर उतरले. तथापि ग्रँट यांचे मताधिक्य साडेसात लाखांहून अधिक होते. उमेदवार बदलल्याने ते घटले असते, हे मान्य करता येते. नाहीसे झाले असते, असे म्हणण्यास आधार नाही. युद्धातील विजयी सेनापती, तेजीत असलेला व्यापार आणि दक्षिणेत प्रथमच निर्भयपणे मतदान करणारे लक्षावधी कृष्णवर्णीय मतदार या तीन गोष्टी अॅडम्स यांच्यासमोरही तशाच उभ्या राहिल्या असत्या.

दुसरी वाट विलक्षण आहे, आणि घटनाशास्त्राच्या दृष्टीने अधिक रंजक. समजा ग्रीली जिंकले असते आणि ठरल्या दिवशी मरण पावले असते. निवडून आलेला उमेदवार निर्वाचकांच्या बैठकीपूर्वीच मेला तर काय करावे, याविषयी घटना मौन बाळगून होती. १९३३ च्या विसाव्या दुरुस्तीनेही निर्वाचकांच्या मतदानापूर्वीच्या मृत्यूचा प्रश्न थेट सोडवलेला नाही. विजयी निर्वाचक प्रत्यक्षात विखुरले तसेच विखुरले असते आणि कोणालाही बहुमत मिळाले नसते, तर अधिक मते मिळालेल्या तिघांतून एकाची निवड प्रतिनिधिगृहाने, प्रत्येक राज्यास एक मत या पद्धतीने, केली असती. त्या सभागृहात बहुमत रिपब्लिकनांचे होते. म्हणजे ग्रीली जिंकूनही ग्रँट अध्यक्ष होण्याचा संभव होता. त्याऐवजी निर्वाचकांनी एकजुटीने ब्राउन यांना मते दिली असती, तर ज्यांनी सिनसिनाटीत डाव उलटवला तेच व्हाइट हाउसमध्ये बसले असते.

कादंबरीकाराला येथे थांबता येईल. तौलनिक अभ्यासकाला मात्र या दोन्ही वाटा रेखाटणारा हात कोणाचा, हे पाहावे लागते. दोन्हींत नायक आहेत संपादक, मुत्सद्दी आणि न्यायमूर्ती. दोन्हींत प्रश्न आहे तो भ्रष्टाचार, नोकरभरती आणि जकात यांचा. ज्यांच्या जीविताचा प्रश्न या निवडणुकीत पणाला लागला होता ते मतदार या कल्पनाचित्रात जवळपास दिसत नाहीत.

त्यांचा विचार त्या वर्षी दोन माणसांमधील वादात प्रकट झाला. सेनेटर चार्ल्स समनर हे दास्यविरोधी चळवळीचे अध्वर्यू. १८५६ मध्ये सेनेटच्या सभागृहातच एका दक्षिणी सदस्याच्या काठीचे तडाखे खाऊन ते रक्तबंबाळ झाले होते. सँतो डोमिंगोच्या प्रश्नावर ग्रँट यांच्याशी त्यांचे कायमचे बिनसले आणि १८७१ मध्ये परराष्ट्र समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडून काढून घेण्यात आले. जुलै १८७२ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय नागरिकांना उद्देशून पत्र लिहिले आणि ग्रीली यांना मत देण्याचे आवाहन केले. ग्रँट यांच्या मनात कृष्णवर्णीयांविषयी आदर नाही, याचा पुरावा म्हणून त्यांनी फ्रेडरिक डग्लस यांच्या अपमानाचे उदाहरण दिले : सँतो डोमिंगोला गेलेल्या आयोगाच्या सदस्यांना ग्रँट यांनी भोजनास बोलावले, आयोगाबरोबर सचिव म्हणून गेलेल्या डग्लस यांना वगळले.

डग्लस यांचे समनर यांच्यावर प्रेम होते आणि भोजनाचे निमंत्रण आले नव्हते हेही खरे होते. तरी ते ग्रँट यांच्या बाजूने प्रचारास उतरले. रिपब्लिकन पक्ष म्हणजे जहाज आणि बाहेर सर्वत्र समुद्र, या आशयाची त्यांची उपमा तेव्हा गाजली. जहाज चांगले आहे असा दावा तिच्यात नाही. पोहता न येणाऱ्याने समुद्राचा अंदाज घेऊन केलेला तो हिशेब आहे. ज्या राज्यकर्त्याने जेवायला बोलावले नाही त्यानेच क्लॅनला तुरुंगात घातले होते, आणि या दोन गोष्टींतील कोणती वजनदार, हे ठरवण्याचा अधिकार डग्लस यांनी समनर यांना दिला नाही. त्या वर्षी ते न्यूयॉर्क राज्यातून ग्रँट यांचे निर्वाचक म्हणून निवडले गेले. (समान हक्क पक्षाने व्हिक्टोरिया वुडहल यांच्या जोडीला उपाध्यक्षपदासाठी डग्लस यांचे नाव परस्पर जाहीर केले होते. त्यांनी त्याची दखलही घेतली नाही.)

डग्लस यांच्या जागेवरून पाहिले की १८७२ च्या पर्यायी इतिहासाचे स्वरूपच पालटते. ‘ग्रीली जिंकले असते तर’ या वाक्यातील जग कल्पनेने रचावे लागत नाही. ते पाच वर्षांनी प्रत्यक्ष अवतरले. क्षमादानाचा मोठा भाग तर रिपब्लिकन काँग्रेसनेच मे १८७२ मध्ये, म्हणजे मतदानापूर्वीच, कायदा करून उरकला होता. सुमारे पाचशे लोक वगळता सर्व माजी बंडखोरांना अधिकारपदे खुली झाली. १८७४ मध्ये प्रतिनिधिगृह डेमोक्रॅटांच्या हाती गेले. १८७५ मध्ये मिसिसिपीतील निवडणूक दहशतीने लुटली जात असताना राज्यपालांनी सैन्य मागितले आणि ग्रँट यांच्या सरकारने ते पाठवले नाही. १८७६ च्या हेज-टिल्डन लढतीचा निकाल पंधरा सदस्यांच्या आयोगाने आठ विरुद्ध सात मतांनी लावला आणि एप्रिल १८७७ मध्ये दक्षिण कॅरोलायना व लुइझियाना येथील राजभवनांजवळचे संघीय सैनिक बराकीत परतले. हेज यांच्या मंत्रिमंडळात गृहखाते मिळाले कार्ल शुर्झ यांना. सिनसिनाटीचे अध्यक्षस्थान भूषवणारा पुढारी सत्तेत होता आणि सिनसिनाटीचा दक्षिणविषयक कार्यक्रम अमलात आला होता. पराभूत पक्षाने निवडणूक हरून धोरण जिंकले होते.

या कथेत डेव्हिड डेव्हिस पुन्हा डोकावतात. १८७२ मध्ये संपादकांनी पाडलेले, मृताच्या वाट्याचे एक निर्वाचकमत मिळालेले हे न्यायमूर्ती १८७७ च्या आयोगात पंधरावे, म्हणजे निर्णायक, सदस्य होणार असे सर्वांनी धरले होते. जानेवारीत इलिनॉय विधिमंडळाने त्यांना सेनेटवर निवडून दिले, त्यांनी आयोगात बसण्यास नकार दिला आणि त्यांच्या जागी न्यायमूर्ती जोसेफ ब्रॅडली आले. जर-तरच्या लेखकांना दुसरा खिळा हवा असेल तर तो येथे आहे. परंतु टिल्डन अध्यक्ष झाले असते तरीही सैन्य माघारी गेलेच असते.

तेव्हा प्रश्न उरतो तो १८७२ ते १८७७ या पाच वर्षांचा. ग्रँट यांच्या विजयाने कृष्णवर्णीय अमेरिकनांना जे मिळाले ते एवढेच, आणि पर्यायी इतिहासाने मोजायचे तर तेच. १८७३ मध्ये भरलेल्या त्रेचाळिसाव्या काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहात सात कृष्णवर्णीय सदस्य बसले. दक्षिण कॅरोलायनाचे रॉबर्ट ब्राउन एलियट यांनी जानेवारी १८७४ मध्ये समनर यांच्या नागरी हक्क विधेयकावर, एकेकाळी दक्षिणेचे उपाध्यक्ष राहिलेल्या अलेक्झांडर स्टीफन्स यांना समोरासमोर उत्तर देत, भाषण केले. समनर मार्च १८७४ मध्ये वारले. विधेयकाचा कायदा १८७५ मध्ये झाला आणि १८८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निष्प्रभ केला. मिसिसिपीचे ब्लांश ब्रूस, ज्यांचा जन्म दास्यात झाला होता, १८७५ पासून सहा वर्षे सेनेटर होते. यांतील बहुतेक गोष्टी टिकल्या नाहीत. पण घडल्या, नंतरच्या पिढ्यांना त्यांचा दाखला देता आला.

याच पाच वर्षांत लुइझियानाही आहे. तेथील राज्यपाल हेन्री वॉरमथ लिबरल रिपब्लिकनांना जाऊन मिळाले होते आणि १८७२ च्या राज्यस्तरीय निवडणुकीत दोन्ही बाजूंनी विजयाचा दावा करून दोन सरकारे स्थापन केली. वॉरमथ यांच्यावर महाभियोग आल्याने पी. बी. एस. पिंचबॅक हे कृष्णवर्णीय पुढारी डिसेंबर १८७२ ते जानेवारी १८७३ असे पाच आठवडे राज्यपाल झाले. त्याच वादाचे लोण खेड्यांपर्यंत गेले. १३ एप्रिल १८७३ रोजी, ईस्टरच्या रविवारी, कोलफॅक्स गावच्या न्यायालयाच्या इमारतीचे रक्षण करणाऱ्या कृष्णवर्णीयांवर सशस्त्र गोऱ्या जमावाने हल्ला केला. शरण आलेल्यांनाही ठार मारण्यात आले. मृतांचे अंदाज साठपासून दीडशेपर्यंत आहेत. परगण्याचे नाव ग्रँट यांच्यावरून आणि गावाचे नाव त्यांच्या उपाध्यक्षांवरून ठेवलेले होते. दोषी ठरलेल्या मूठभरांची शिक्षाही ‘क्रुकशँक’ खटल्याच्या १८७६ मधील निवाड्याने रद्द झाली. ग्रीली हरल्याने हे टळले नाही, आणि ग्रँट यांच्या विजयाचा गौरव करताना हे विसरता येत नाही.

साहित्याने या निवडणुकीचे काय केले, हे पाहणे उद्बोधक आहे. अॅडम्स यांचे न मिळालेले अध्यक्षपद हा त्यांचे चिरंजीव हेन्री अॅडम्स यांच्या लेखनाचा अदृश्य पाया म्हणता येईल. १८८० मध्ये निनावी प्रसिद्ध झालेली त्यांची ‘डेमोक्रसी’ ही कादंबरी वॉशिंग्टनच्या भ्रष्ट सेनेटरांविषयी आहे. आत्मचरित्रात तर त्यांनी वॉशिंग्टनपासून ग्रँटपर्यंतची वाटचाल उत्क्रांतीच्या सिद्धांताला खोटे पाडते, असा शेरा मारला. उपरोध उत्तम आहे. मात्र या उपरोधात दक्षिण कॅरोलायनाला जागा नाही, आणि वडिलांविषयीची माहिती त्याच्या शेजारी ठेवली पाहिजे : चार्ल्स फ्रान्सिस अॅडम्स यांनी १८७६ मध्ये टिल्डन यांना पाठिंबा दिला आणि स्वतः मॅसॅच्युसेट्सच्या राज्यपालपदाची निवडणूक डेमोक्रॅट म्हणून लढवली. सिनसिनाटीत ते जिंकते आणि पुढे अध्यक्ष होते, तर सैन्यमाघार १८७७ ऐवजी १८७३ मध्ये झाली असती, असे मानण्यास जागा आहे.

दुसऱ्या टोकाला अॅल्बियन टूर्जे. उत्तरेचे हे माजी सैनिक उत्तर कॅरोलायनात न्यायाधीश होते. १८७९ च्या ‘अ फूल्स एरंड’ या कादंबरीत त्यांनी पुनर्रचनेचा पराभव आतून पाहून लिहिला. तेव्हा ती खूप खपली. वाङ्मयेतिहासाने तिला अडगळीत टाकले. टॉमस डिक्सन यांची ‘द क्लॅन्समन’ १९०५ मध्ये आणि तिच्यावरील चित्रपट १९१५ मध्ये आला. क्लॅनला त्राता ठरवणारी ही कलाकृती, काटेकोरपणे पाहता, पर्यायी इतिहासच आहे. फक्त तिने आपले पर्यायी असणे लपवले, आणि विद्यापीठीय इतिहासकारांची एक पिढी तिच्या आसपासच उभी होती. डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस यांनी १९३५ मध्ये ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन’ लिहून तिला उत्तर दिले. लोकशाहीचा तो प्रयोग सैन्य आणि जमीन यांच्या पाठबळाने चालू राहता तर अमेरिकेतील श्रमिकांचे काय झाले असते, हा प्रश्न त्या ग्रंथाच्या मुळाशी आहे. म्हणजे येथेही जर-तर आहे. ते सहाव्या फेरीच्या आठ मतांवर टांगलेले नाही. मुक्त झालेल्यांना न मिळालेल्या जमिनीवर उभे आहे. एरिक फोनर यांच्या १९८८ च्या इतिहासाने हीच दिशा पुढे नेली.

मराठी अभ्यासकाला या कालखंडाशी जोडणारा एक अस्सल दुवा आहे. ग्रँट यांच्या दुसऱ्या कारकीर्दीच्या पहिल्याच वर्षी, १८७३ मध्ये, जोतीराव फुले यांचे ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाले. जोतीबा आणि धोंडीबा यांच्या संवादाच्या रूपातील या मराठी पुस्तकाची अर्पणपत्रिका इंग्रजीत आहे आणि ती निग्रो दास्य नष्ट करण्यासाठी निःस्वार्थ त्याग करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना उद्देशून आहे. आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा, अशी इच्छा तीत व्यक्त झाली आहे. दास्यमुक्तीचा हा गौरव पुण्यातून होत होता तेव्हा अमेरिकेतील सज्जनांपैकी अनेक जण आदल्या वर्षी ग्रीलींच्या झेंड्याखाली उभे राहून, आता पुरे झाले, असे म्हणू लागले होते. फुल्यांनी ज्या अमेरिकेला पुस्तक अर्पण केले ती युद्ध आणि तेरावी दुरुस्ती यांची अमेरिका होती. मुक्तीनंतर जमीन, शाळा, मत आणि न्यायालय यांची लढाई लढावी लागते, हे त्यांच्या स्वतःच्या कार्यक्रमात पुरते उतरले होते. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज स्थापन झाला. अर्पणपत्रिका छापून झाली तेव्हा कोलफॅक्सच्या आरोपींवरील पहिला खटला अजून उभा राहायचा होता.